गलगंड आणि आयोडीनची काटकसर

मित्रहो, गळ्याला गाठ दिसली की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "थायरॉइड वाढलाय." मग हार्मोनही वाढलं असणार, असं सगळे धरून चालतात. पण गलगंड हे ग्रंथीच्या आकाराचं नाव आहे, कामाचं नव्हे. गलगंड असलेल्या माणसाचं हार्मोन कमी, जास्त किंवा अगदी नॉर्मल, काहीही असू शकतं.

थायरॉइडची मुख्य हार्मोन्स दोन, टी-फोर आणि टी-थ्री, आणि दोन्ही आयोडीनपासून बनतात. निरोगी ग्रंथी दिवसाला साधारण ८० ते १०० मायक्रोग्रॅम टी-फोर तयार करते. टी-थ्री रोज तीसेक मायक्रोग्रॅम लागतं, पण त्यातलं जेमतेम वीस टक्के ग्रंथीतून येतं. बाकीचं यकृत, मूत्रपिंड, स्नायू असे इतर अवयव टी-फोरमधला आयोडीनचा एक अणू काढून बनवतात. चुकीच्या जागचा अणू निघाला, तर निरुपयोगी 'रिव्हर्स टी-थ्री' बनतं. उरलेलं काही यकृत पित्तातून बाहेर टाकतं. टी-फोरचं अर्धायुष्य सुमारे सात दिवस, टी-थ्रीचं जेमतेम एक. म्हणून तर थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलल्यावर आम्ही सहा आठवड्यांनी या म्हणतो. आठवड्यात केलेली तपासणी म्हणजे पैसे वाया.

हार्मोन मोडलं की त्यातलं आयोडीन रक्तात परत येतं. त्यावर दोघांची नजर असते, ग्रंथीची आणि मूत्रपिंडाची. आता गंमत बघा, आहारात आयोडीन कमी पडलं तरी मूत्रपिंडाला ते राखून ठेवता येत नाही. ते आपलं लघवीतून सोडतच राहतं. मग ग्रंथीलाच ओढ वाढवावी लागते. त्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं टीएसएच हे हार्मोन तिला हाकत राहतं, पेशी वाढतात, आणि गळा फुगतो. १९५१ मध्ये अमेरिकी डॉक्टर स्टॅनबरी आणि त्यांचे सहकारी अर्जेंटिनातल्या मेंडोझा प्रांतात गेले. तिथल्या गलगंडाच्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन दिल्यावर ग्रंथींनी ते अधाशासारखं ओढून घेतलं.

ग्रंथी आणखी एक युक्ती करते. टी-फोरला आयोडीनचे चार अणू लागतात, टी-थ्रीला तीन, आणि टी-थ्रीचा प्रभाव कितीतरी जास्त. म्हणून ती टी-थ्रीचं प्रमाण वाढवते. अशा रुग्णाचा रिपोर्ट हातात घ्या: टी-फोर खाली, टी-थ्री नॉर्मल, टीएसएच किंचित वर किंवा तेही नॉर्मल. माणूस शेतात राबतो, डोंगर चढतो, तक्रार काही नाही.

मात्र या काटकसरीची किंमत पोटातलं बाळ मोजतं. मेंदूला रक्तातलं टी-थ्री फारसं कामाचं नाही. तो टी-फोर घेऊन आपलं टी-थ्री जागच्या जागी बनवतो. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात बाळाची ग्रंथी पुरेशी तयार नसते, सगळी मदार आईच्या टी-फोरवर. आई धडधाकट, गळ्याला गाठ एवढंच, आणि मूल मात्र बहिरं-मुकं किंवा मतिमंद, असं गलगंडाच्या पट्ट्यांत पिढ्यानपिढ्या घडलं.

आपल्याकडे हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामींच्या गटाने खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ, तिसऱ्याला साधं. काही वर्षांतच मीठ मिळालेल्या भागांतले गलगंड ठळकपणे घटले. या प्रयोगावरच्या शोधनिबंधाच्या लेखकांत देव आणि करमरकर ही आपल्याकडची आडनावंही सापडतात. पुढे १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. वर्षानुवर्षं हाकलेल्या ग्रंथीत काही गाठी स्वतंत्र होतात, टीएसएचचं ऐकेनाशा होतात. आयोडीनचा कच्चा माल नव्हता तोवर त्या गप्प असतात. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर १९६६ मध्ये पावात आयोडेट, म्हणजे आयोडीनचं एक संयुग, घातलं, तेव्हा हायपरथायरॉइडचे, म्हणजे हार्मोन जास्त झालेले, रुग्ण अचानक वाढले. त्यांत जुनी गाठाळ ग्रंथी असलेले वयस्क बरेच होते. काही वर्षांनी ती लाट ओसरली. तेव्हा घरात कुणाला जुना, गाठाळ गलगंड असेल तर जेवणातलं मीठ बदलू नका, पण आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल टीएसएच तपासल्याशिवाय सुरू करू नका.