लाल टोपण, केशरी टोपण

[पहाट. सदाशिव पेठ. अभ्यासिकेचं शटर वर जातं.]

सकाळचे सहा वाजलेत. अभ्यासिकेतल्या बहुतेक टेबलांवर एमपीएससीची पुस्तकं. राज्यघटना, इतिहास, चालू घडामोडी. खिडकीशेजारच्या टेबलावर मात्र गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स आहेत, रबर लावून बांधलेल्या, पत्त्यांच्या कॅटासारख्या.

हे टेबल तिचं. वय एकवीस. इंदापूर तालुक्यातून पुण्यात आली, कॉट बेसिसवर राहून डी. फार्म.ची, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाची, दोन वर्षं पूर्ण केली, आणि आता एक्झिट परीक्षेला बसतेय. निकाल लागेपर्यंत नाव सांगू नका, असं तिनं पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं होतं. म्हणून या व्हिडिओत तिचं नाव नाही.

[हातांचा क्लोजअप. स्ट्रिप उलटते.]

स्ट्रिप उलटी करायची. मागचं नाव वाचायचं. डोळे मिटून सांगायचं: औषध कोणत्या गटातलं, कशावर देतात, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, कशाबरोबर चालत नाही. बरोबर आलं की स्ट्रिप खाली. चुकलं की पुन्हा वर. उद्या सकाळी पहिली तीच.

या स्ट्रिप्स तिनं मेसमधल्या मैत्रिणींकडून, घरमालकीणबाईंकडून, गावाकडच्या आजीकडून जमवल्यात. आजी दर महिन्याला संपलेल्या स्ट्रिप्स पिशवीत ठेवते आणि एसटीनं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवते.

ही बघा, मेटफॉर्मिन. मधुमेहावरची. ही मेट्रोनिडाझोल, जंतुसंसर्गावरची. घाईत लिहिलेल्या चिठ्ठीवर पहिली दोन-तीन अक्षरं लागतात आणि पुढे नुसती रेघ असते. त्या रेघेचा अर्थ लावणारा माणूस काउंटरमागे कोण आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. माझ्या आईला एकदा एका मेडिकलमधून अशीच जवळच्या नावाची दुसरी गोळी मिळाली होती. तीन दिवस तिनं ती घेतली. हा विषय घ्यायचं मी तेव्हाच ठरवलं होतं.

आणि ही तिसरी, मेथोट्रेक्सेट. संधिवाताच्या काही रुग्णांना देतात ती आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली गेली तर शरीरात रक्तपेशी तयार होणंच दबतं आणि माणूस दगावू शकतो. तिनं या स्ट्रिपवर मार्करनं ठळक अक्षरांत लिहिलंय, “रविवार”. पुस्तकात असं लिहा म्हणून कुठे सांगितलेलं नाही. ती जिथं काम शिकली, त्या मेडिकलमधल्या काकांनी तिला ते शिकवलं.

[अप्पा बळवंत चौक. पुस्तकांची दुकानं, गर्दी.]

२०२२ साली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानं नियम केले. नुसता डी. फार्म.चा निकाल पुरे नाही. फार्मसिस्ट म्हणून नोंदणी हवी असेल, तर एक्झिट परीक्षा पास व्हावं लागेल. पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. ती एनबीईएमएस घेते, डॉक्टरांची नीट पीजी घेणारी हीच संस्था. तीन पेपर, संगणकावर, सगळे प्रश्न बहुपर्यायी आणि सगळे इंग्रजीत. प्रत्येक पेपरात निदान ५० टक्के हवेत, तेही एकाच प्रयत्नात. दोन निघाले आणि तिसरा राहिला, तर पुन्हा तिन्ही द्यायचे. कितीही वेळा बसता येतं.

इंग्रजीचं म्हणाल तर तिची शाळा मराठी. औषधांची नावं तिला अडवत नाहीत, ती कुणालाच मराठीत येत नाहीत. अडवतात ते साधे शब्द. औषध नियम, १९४५ मध्ये ‘कोल्ड प्लेस’ म्हणजे ८ अंशांपेक्षा जास्त तापमान नसलेली जागा. ‘कूल प्लेस’ म्हणजे १० ते २५ अंश. शाळेत तिला दोन्हींचा अर्थ एकच शिकवला होता: थंड.

[खोलीची भिंत. चिकटवलेला कागद.]

म्हणून हा कागद. वर लिहिलंय, “कोल्ड: फ्रीज.” खाली लिहिलंय, “कूल: माठाशेजारी.”

[कॉलेजची औषधी बाग. सकाळचं ऊन.]

ज्या विषयाला मुलं सगळ्यात जास्त कंटाळतात, त्यात ती रमते. फार्माकॉग्नोसी, म्हणजे निसर्गातून मिळणाऱ्या औषधांचा अभ्यास. परीक्षेला उपयोग होईल म्हणून ती मैत्रिणींना बागेत घेऊन येते. पुस्तकातलं चित्र काळं-पांढरं असतं, इथं पानाला हात लावता येतो.

हा अडुळसा. याच्या पानात व्हॅसिसिन असतं. खोकल्याच्या औषधांत सापडणारं ब्रोमहेक्सिन या व्हॅसिसिनवरूनच पुढे घडवलं गेलं. ही सर्पगंधा, रक्तदाब उतरवणारं रिसर्पिन हिच्या मुळातलं. ही सोनामुखी, आजीच्या जुलाबाच्या काढ्यातली. आणि ही सदाफुली. इंदापूरला त्यांच्या दारात ही कुणी न लावता उगवते. व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरची दोन्ही औषधं या झाडातून मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही व्हिनक्रिस्टिन देतात.

हे कळल्यावर तिनं घरी फोन केला होता. आई म्हणाली, “अगं, मग मी ती उपटून टाकत होते की!”

(थोडा वेळ निवेदन नाही. फुलं, पानं, मुलींचे आवाज.)

[संध्याकाळ. शनिवार पेठेतलं मेडिकल. लाकडी खण, फ्रीज, काउंटर.]

डी. फार्म.ला पुस्तकांखेरीज ५०० तासांचं प्रशिक्षण असतं, आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यात जायला हवेत. तिनं ते तास या मेडिकलमध्ये भरले. तास संपले तरी संध्याकाळी ती येतेच. काका स्वतः नोंदणीकृत फार्मसिस्ट. भिंतीवर त्यांचं सर्टिफिकेट आहे, आणि त्याच्या खाली ते स्वतः उभे आहेत. पांढरा अ‍ॅप्रन, खिशावर नाव आणि नोंदणी क्रमांक. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सप्रमाणे तो असायलाच हवा.

तिची अजून नोंदणी नाही. म्हणून इथं एक पद्धत आहे. चिठ्ठी ती वाचते, औषध खणातून ती काढते, एक्सपायरी आणि बॅच नंबर ती बघते. मग सगळं काउंटरवर ओळीनं मांडते आणि थांबते. काका चिठ्ठी हातात घेतात, एकेक औषध बोटानं दाखवत मिळवतात, आणि मगच ते पिशवीत जातं. गिऱ्हाईक खोळंबलं तरी चालतं. आम्ही तिथं असताना एक गृहस्थ चिडून निघूनही गेले. काकांनी मान वर केली नाही.

[आजोबा काउंटरशी. इन्सुलिनची बाटली.]

आता हे बघा. आजोबांचं इन्सुलिन डॉक्टरांनी बदललंय. नवीन बाटली १ मिलिलिटरला १०० युनिटची. तिनं फ्रीजमधून बाटली काढली, काउंटरवर ठेवली, आणि काकांनी विचारायच्या आत विचारलं, “आजोबा, घरात सिरिंज कसल्या टोपणाच्या आहेत?”

“लाल.”

काका हसले. ते हसू कॅमेऱ्यात आलंय.

लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीसाठी. केशरी टोपणाची १०० युनिटच्या बाटलीसाठी. दोन्हींवरच्या रेघा वेगळ्या हिशोबानं आखलेल्या असतात. नवीन बाटली आणि जुनी लाल सिरिंज एकत्र आली, तर आजोबा मोजून दहाच युनिट घेतील आणि अंगात पंचवीस जातील. रक्तातली साखर कोसळेल, कदाचित मध्यरात्री, घरात सगळे झोपलेले असताना.

तिनं केशरी टोपणाच्या सिरिंज दिल्या. जुन्या लाल घरी गेल्या गेल्या वेगळ्या ठेवा, असं दोनदा सांगितलं. आजोबांकडून वदवून घेतलं.

एक प्रश्न, एका शब्दाचं उत्तर. फार्मसिस्ट काय करतो असं मला कुणी विचारलं, तर मी हीच क्लिप दाखवेन.

[अभ्यासिका, रात्र. तिसऱ्या पेपरची पुस्तकं.]

तिसरा पेपर कायद्याचा आणि औषध दुकान चालवण्याचा. मुलं याला पाठांतराचा पेपर म्हणतात आणि शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. तिच्या वहीत मात्र पहिल्या पानापासून हाच आहे.

फार्मसी कायदा, १९४८. कलम ४२. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टखेरीज कुणी तयार करायचं नाही, द्यायचं नाही. औषध नियमांतला नियम ६५ सांगतो की फार्मसिस्टनं स्वतः द्यायचं किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचं. मी हे दोन्ही शूटिंगच्या काळात पहिल्यांदा नीट वाचले. यात कुठेही संदिग्ध काही नाही.

तरीही “सर्टिफिकेट लावलंय” हा शब्दप्रयोग या धंद्यात कानावर पडतोच. म्हणजे सर्टिफिकेट एका दुकानाच्या भिंतीवर, आणि ज्याचं ते आहे तो माणूस दुसरीकडे. महिन्याला ठरलेली रक्कम मिळते. काउंटरमागे असतो दहावी-बारावी झालेला, हुशार, चटपटीत, मेहनती मुलगा. त्याला सगळी खणं पाठ असतात. लाल टोपण आणि केशरी टोपण यांतला फरक त्याला कुणी सांगितलेला नसतो. दोष त्याचा नाही.

पास झाल्यावर सर्टिफिकेट असं लावणार का, असं तिला तिच्याच ओळखीतल्या कुणीतरी विचारून ठेवलंय. कॅमेऱ्यासमोर ती एवढंच म्हणाली, “मी उभी राहणार.”

[पिंपरी. हिंदुस्तान अ‍ॅंटिबायोटिक्सचं प्रवेशद्वार.]

एका रविवारी आम्ही तिला पिंपरीला घेऊन गेलो. १९५४ साली इथं हिंदुस्तान अ‍ॅंटिबायोटिक्सची स्थापना झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं. पेनिसिलिन आपल्याच देशात बनावं म्हणून उभारलेला सरकारी कारखाना. बाहेरून आणावं लागणारं औषध पुण्याशेजारी तयार होऊ लागलं.

आणि आज? साध्या सर्दीला अ‍ॅंटिबायोटिकच्या दोन गोळ्या कापून मागणारी माणसं आम्ही काकांच्या काउंटरवर एका संध्याकाळीच कितीतरी बघितली. बरं वाटलं की कोर्स अर्धा सोडायचा. अशानं जंतू औषधाला जुमानेनासे होतात. म्हणून १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन हे औषधांच्या यादीचं परिशिष्ट लागू झालं. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीची बरीच अ‍ॅंटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं, सवय लावणारी काही औषधं त्यात आली. वेष्टणावर लाल चौकट. विकताना वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, नग. रजिस्टर तीन वर्षं जपायचं.

[रजिस्टर. काकांचं अक्षर, मग तिचं अक्षर.]

हे ते रजिस्टर. निळ्या शाईत काका. काळ्या शाईत ती, आणि तिच्या प्रत्येक ओळीशेजारी काकांची सही.

[परीक्षा केंद्राबाहेर. पालक, पाण्याच्या बाटल्या, बंद गेट.]

आत कॅमेरा नेता येत नाही. बाहेर तिची आई इंदापूरहून आली होती. पदरात गुंडाळलेला डबा होता, तो तसाच राहिला.

इथं जे अडतात त्यांच्या हाती डिप्लोमा राहतो, पण नोंदणी होत नाही, आणि पुढच्या परीक्षेपर्यंत काउंटरमागे स्वतःच्या अधिकारानं उभं राहता येत नाही.

तिसरा पेपर झाला. ती बाहेर आली. आईनं काही विचारलं नाही.

(निवेदन नाही. गेटपासून बस थांब्यापर्यंत दोघी चालत जातात.)

[त्याच संध्याकाळी. मेडिकल.]

साडेसातला ती काउंटरवर होती. काका म्हणाले, “आजचा दिवस तरी घरी बसायचंस, बाळ.” गर्दी होती, म्हणून पुढचं बोलणं राहिलं.

एक ताई चिठ्ठी घेऊन आल्या. तिनं वाचली. खणातून दोन स्ट्रिप्स काढल्या, एक्सपायरी बघितली, काउंटरवर ओळीनं मांडल्या. आणि काकांचा हात मोकळा होईपर्यंत थांबून राहिली.