आधी खात्री, मग आधार?

नमस्कार. समोर समुपदेशक दिसताहेत, शिक्षक आहेत, मागे काही आईवडीलही बसलेत. आपण सगळे आपणहून आलात, तेव्हा आपल्याला कोण आवडतं, आपण मुलगा की मुलगी, असे प्रश्न पडलेली ‘ही मुलं आजारी नाहीत’ हे पटवून देण्यात मी वेळ घालवणार नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० साली. लिंगभावाच्या विसंगतीची, म्हणजे जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि आतून जाणवणारं लिंग न जुळण्याची नोंदही त्याच संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत मानसिक आजारांमधून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात गेली, आणि ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तो वाद मिटलेला आहे.

मला बोलायचंय ते ज्यांना अजून काहीच ठरवता आलेलं नाही त्यांच्याबद्दल. ‘मी समलिंगी आहे’, ‘मी ट्रान्स आहे’ असं सांगणारं मूल दारात आलं तर काय करायचं, हे आपल्यापैकी पुष्कळांना आता थोडंफार जमतं. पण ‘मला कळत नाहीये’ एवढंच म्हणणारं मूल आलं की आपली पंचाईत होते. घरचे म्हणतात, वय आहे, जाईल निघून. तज्ज्ञ म्हणतात, थोडं थांबू या. आणि मदत करायला बसलेले प्रेमळ लोकसुद्धा विचारतात, ‘बरं, मग तू नेमकं कोण?’ प्रत्येक जण आधी उत्तर मागतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आधाराला उत्तराची अट असता कामा नये. आज आधार म्हणजे नेमकं काय काय, हे सविस्तर सांगायचं मी कबूल केलंय. त्याकडे येतेच, पण आधी एक गोष्ट सांगू द्या. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

सतरा वर्षांचं एक मूल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि मी मुद्दामच ‘मूल’ म्हणतेय. आई त्याला एका उपचारकेंद्रात घेऊन गेली. कुठलं, ते महत्त्वाचं नाही, कारण असं बऱ्याच ठिकाणी होतं. बाहेरच्या खोलीत हातात फॉर्म आला. पाठपोट फॉर्म, क्लिपला लावलेला, पेन दोरीनं बांधलेलं. नाव, जन्मतारीख, लिंग, तीन फोन नंबर, रक्तगट. (हशा.) हो, बोलायला आलेल्या मुलाचा रक्तगट! आणि मग एक ओळ, ‘मुख्य तक्रार’. शेजारच्या खुर्चीत आई, तिची नजर कागदावर. सांगा, काय लिहील ते मूल? त्यानं लिहिलं, ‘झोप लागत नाही’.

खोटं नव्हतं ते. झोप खरंच लागत नव्हती. आत गेल्यावर झोपेचीच चर्चा झाली. रात्री मोबाइल किती वेळ, चहाकॉफी किती, अभ्यासाचं दडपण आहे का. झोपेचा तक्ता भरायला दिला. पुढच्या वेळी तक्ता तपासला. त्याच्या पुढच्या वेळी वेळ संपली, मूल उठलं, दाराची कडी हातात धरली आणि तिथे उभं राहून म्हणालं, ‘एक विचारू? आपल्याला कोण आवडतं हेच कळत नसेल तर?’

इथल्या समुपदेशकांना हा क्षण ओळखीचा असेल. सगळ्यात जड वाक्य नेहमी निघता निघता येतं. कारण उत्तर वाईट आलं तर लगेच बाहेर पडता येतं. त्या मुलाला उत्तर मिळालं ते असं: ‘तुला खात्री आहे का? नाही ना? मग आत्तापासून कशाला डोक्याला ताप? खात्री झाली की ये, तेव्हा बोलू.’ आवाजात रागबिग काही नव्हता. हसून, पाठीवर हात ठेवून सांगितलं. त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ ते मूल या विषयावर कुणाशी एक अक्षर बोललं नाही.

माझ्याकडे आलं तेव्हा सोबत एक वही होती. प्रत्येक पानावर दोन रकाने. आज कुणाकडे बघून छातीत धडधडलं, त्याची खूण डावीकडे की उजवीकडे. रोज रात्री भरायचं. काही खुणा इतक्या वेळा खोडल्या होत्या की तिथे कागदाला भोक पडलं होतं. मी विचारलं, हे कशासाठी? म्हणालं, ‘खात्री करून या म्हणाले होते.’ परीक्षेला अर्धवट अभ्यास करून गेलो म्हणून परत पाठवलं, असंच त्याला वाटलं होतं. वर्षभर ते स्वतःवर पाळत ठेवून होतं. मित्रांबरोबर हसतानाही आतून हिशेब चालू. झोप आणखी उडाली, यात नवल ते काय!

त्या वर्षाचं मला फार वाईट वाटतं. न कळण्यानं त्या मुलाचं काही बिघडलं नव्हतं. एकट्यानं, लवकरात लवकर कळवून घे, या सक्तीनं बिघडलं.

बरं, ही खात्री आपण मागतो तरी कुणाकडे? लिसा डायमंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं स्वतःला विषमलिंगी न मानणाऱ्या तरुण स्त्रियांशी दहा वर्षं पुन्हा पुन्हा बोलून अभ्यास केला. तेवढ्या काळात सुमारे दोन तृतीयांश जणींनी स्वतःची ओळख सांगण्याची पद्धत निदान एकदा तरी बदलली होती. आणि आपण सतराव्या वर्षी, तिसऱ्या भेटीत, दारात उभं करून कायमचं उत्तर मागतो!

यावर एक आडवा प्रश्न हमखास येतो, तो आधीच घेते. ‘बदलतं म्हणता, म्हणजे बदलवताही येत असेल?’ नाही. आतून उमजत जाणं वेगळं आणि बाहेरून वळवणं वेगळं. रॉबर्ट स्पिट्झर हे मानसोपचारतज्ज्ञ, जे १९७३च्या त्या निर्णयात आघाडीवर होते, त्यांनीच २००३ साली एक अभ्यास छापला की काहींचा लैंगिक कल उपचारानं बदलू शकतो. पुरावा काय, तर अशा उपचारांतून गेलेल्यांनी फोनवरच्या मुलाखतीत स्वतःबद्दल जे सांगितलं ते. तो अभ्यास दाखवून किती घरांनी मुलांना तसल्या उपचारांना पाठवलं असेल! २०१२ साली स्पिट्झरनी जाहीर माफी मागितली. असे उपचार कल बदलत नाहीत आणि मुलांना इजा करतात. कुणी अशी हमी देत असेल तर मुलाला घेऊन तिथून बाहेर पडा.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. कबूल केलेला विषय तर राहिलाच, आता भरभर सांगते.

ही मुलं खचतात ती प्रश्नामुळे नाही, भोवतालामुळे. इलन मायर या संशोधकांनी २००३ साली याची नीट मांडणी केली. चिडवणं आणि नाकारलं जाणं तर आहेच, पण ते होईल या भीतीनं सतत सावध राहणं, लपवणं आणि हळूहळू लोकांची घृणा स्वतःविषयी आत मुरणं, हे सगळे ताण एकावर एक चढतात. म्हणजे उपचार नुसता मुलावर करून भागत नाही. खोलीबाहेरच्या माणसांवरही काम करावं लागतं.

त्यात घर पहिलं. केटलिन रायन आणि सहकाऱ्यांच्या २००९च्या अभ्यासात, ज्या समलिंगी व उभयलिंगी तरुणांना घरच्यांनी फार झिडकारलं होतं, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता कमी झिडकारलेल्यांच्या ८.४ पट आढळली. आईवडिलांनो, तुम्हाला सगळं समजलं पाहिजे असं नाही. ‘मला अजून नीट कळलेलं नाही, पण तू माझं आहेस’ एवढं म्हणता येतं ना? ते आज म्हणा. लिंगभावाशी संबंधित औषधोपचारांचे निर्णय हा वेगळा विषय आहे. ते डॉक्टरांसोबत, सावकाश व्हायचे. जवळ घ्यायला त्यांची वाट बघावी लागत नाही.

मग नाव. २०१८ साली स्टीफन रसेल आणि सहकाऱ्यांनी ट्रान्स तरुणांना विचारलं की घरी, शाळेत, कामावर, मित्रांत, यांपैकी कुठे कुठे तुम्हाला तुमच्या पसंतीच्या नावानं हाक मारतात. एक जागा वाढली की आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी कमी दिसले. हा संबंध आहे, कार्यकारण सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही, पण हाक मारायला खर्च काय येतो? तेव्हा पहिल्या भेटीत, मूल एकटं असताना विचारा: तुला काय म्हणू? ‘आलास’ म्हणू की ‘आलीस’? आणि हे विसरू नका: घरी फोन करायची वेळ आली तर कोणतं नाव घेऊ? आपण प्रेमानं नवं नाव घ्यायचो आणि पलीकडे फोन बापानं उचललेला असायचा. कुणाला कधी सांगायचं हे त्या मुलानंच ठरवायचं. जिवाला धोका असेल तर गुप्तता पाळता येणार नाही, हेही सुरुवातीलाच सांगून टाका.

जिवाच्या धोक्याबद्दल सरळ विचारा, ‘मरून जावंसं वाटतं का?’ विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही, मुलाला उलट हायसं वाटतं. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, इजा करता येईल असं सगळं हाताशी राहणार नाही हे बघा आणि त्याच दिवशी तज्ज्ञाची मदत घ्या.

आणि समुपदेशकांना एक विनंती. फॉर्म दुसऱ्या भेटीत भरून घ्या, पालकांना दुसऱ्या खोलीत बसवून. लिंगाच्या रकान्यात ‘अजून ठरलेलं नाही’ लिहायला जागा ठेवा, आणि तसं लिहिणाऱ्याला पुढच्या आठवड्याची वेळ द्या. पुढच्या आठवड्यातही ठरलेलं नसेल, तरी त्याच्या पुढचीही द्या.

शाळांबद्दल बोलायचं राहिलं, ते प्रश्नोत्तरांत घेऊ. मधल्या रांगेतून कोऱ्या चिठ्ठ्या फिरताहेत. प्रश्न लिहा, नाव लिहायची गरज नाही.