आत्याचा साठ आणि आठ

नमस्कार श्रोतेहो, आज बोलायचंय उंच पट्टीतले आवाज खालच्या पट्टीत सरकवणाऱ्या श्रवणयंत्राबद्दल, आणि त्यासाठी आधी माझ्या आत्याचं सांगतो.

घरी कार्यक्रम होता, मुलाने तिला फोनवर सांगितलं, आई, साठ लोक येणारेत. संध्याकाळी जाऊन बघतो तर आत्याने आठ खुर्च्या मांडलेल्या! तो ओरडला, अगं साठ, साठ! ती म्हणाली, हो रे, आठच मांडल्यात. तो अजून जोरात ओरडला, तरी तेच. शेवटी त्याने कागदावर लिहून दाखवलं तेव्हा बिचारी इतकी वरमली की नंतर चार माणसांत बसणंच टाळायला लागली. मला तेव्हापासून ठाम वाटतं, ऐकू न येणाऱ्यावर ओरडणं हा सगळ्यात वाईट उपाय.

झालं असं होतं की ओरडल्यावर ‘आ’ मोठा होतो, ‘स’ नाही. ‘स’ची सळसळ साधारण ४००० ते ८००० हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांची, बरीच उंच पट्टीत असते, बायकांच्या आणि मुलांच्या आवाजात तर अजून वर. आतल्या कानात उंच पट्टीतले आवाज टिपणाऱ्या रोमपेशी, म्हणजे बारीक केसांसारखे तंतू असलेल्या पेशी, आवाज आत शिरतो त्या सुरुवातीच्या टोकाला असतात, बहुतेकदा त्याच आधी मरतात आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. पेशीच नाही तिथे आवाज कितीही वाढवा, पोचणार कुठे? म्हणून आत्याचं पहिलं मशीन नुसतं शिट्ट्या मारायचं आणि साठचा आठच राहायचा.

दुसऱ्या मशीनमध्ये उंच आवाज खाली आणायची सोय होती. समजा २००० हर्ट्झच्या खालचं सगळं जसंच्या तसं ठेवलं, कारण स्वरांची ओळख बरीचशी तिथे असते, आणि २००० ते ८००० मधलं दाबून २००० ते ४००० मध्ये बसवलं. म्हणजे ‘स’ जिवंत पेशींपर्यंत पोचतो. पण हे गणित काही मिलिसेकंदात उरकावं लागतं, १० मिलिसेकंदाच्या वर उशीर झाला की स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटायला लागतो.

पहिल्या दिवशी आत्याने ते काढूनच ठेवलं, म्हणाली सगळे फुसफुसतायत. ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे कान तपासून मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञ बाईने, ते सेटिंग बंद केलं नाही, फक्त कमी केलं, आणि रोज थोडा थोडा वेळ लावा म्हणाली. मग काही आठवड्यांनी मुलगा तिच्या पाठीमागून, ओठ दिसत नसताना, साध्या आवाजात म्हणाला, साठ. आत्या वळून म्हणाली, साठ काय? त्याला पुढे बोलताच येईना.

डिझाइन करणाऱ्याने हेच धरून चालावं, जितकं कमी सरकवून भागेल तितकंच सरकवायचं. परत सांगतो, जितकं कमी तितकं बरं. जास्त दाबलं की ‘स’ आणि ‘श’ एक होतात, आत्याला अजूनही साल आणि शाल सारखंच ऐकू येतं. त्यामुळे घरच्या कुणासाठी असं मशीन लावून घेताना ‘स’ आणि ‘श’ वेगळे कळतात का हे तिथेच बोलून तपासायला सांगा, आणि ओठ झाकून सांगा.