चार महिने प्रार्थना, मग यादी

श्रोतेहो, जय ख्रिस्त.

घरात लग्न निघालं किंवा मंडळीच्या इमारतीचं छप्पर बदलायचं ठरलं, की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "प्रभू पुरवील, हिशेब कसले करता?" दुसरा सगळा हिशेब उरकतो आणि मग प्रार्थनेला उभा राहतो. त्याला देवाकडून फक्त तयार कागदावर सही हवी असते.

दोघांनीही बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय सावकाश वाचावेत. नहेम्या हा पारसच्या राजाचा यहूदी प्यालेबरदार. यरुशलेमेचा कोट पडलाय, वेशी जळाल्यात, ही बातमी त्याला शूशन राजवाड्यात किसलेव महिन्यात कळली. राजापुढे विषय निघाला नीसानमध्ये. मधले चारेक महिने उपास आणि प्रार्थना. पण राजानं "तुला काय हवंय?" असं विचारताच तो मनातल्या मनात देवाला हाक मारतो आणि बोलायला लागतो. किती दिवस लागतील ते सांगतो. नदीपलीकडच्या सुभेदारांना पत्रं मागतो. राजाच्या वनाचा अधिकारी आसाफ, त्याच्या नावे लाकडासाठी वेगळं पत्र मागतो. लाकूड कुठे लागणार तेही सांगतो: मंदिराच्या गढीच्या वेशी, शहराचा कोट, स्वतःचं घर. एवढी यादी ऐनवेळी सुचत नाही. माझ्या मते ती गुडघ्यांवर असतानाच तयार झाली.

यरुशलेमेत पोचल्यावर तीन दिवस कुणाला काही सांगितलं नाही. मग रात्री थोडी माणसं घेऊन पाहणी. राजाच्या तळ्यापाशी तर त्याच्या जनावराला पुढे जायला वाटच नव्हती. हे सगळं डोळ्यांनी पाहून मग त्यानं लोकांना कामाला बोलावलं. कोट 52 दिवसांत पुरा झाला.

याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायातले व्यापारी मात्र कुठलं शहर, किती मुक्काम, किती नफा, सगळं पक्कं ठरवून बसलेत. याकोब व्यापाराला नावं ठेवत नाही. उद्याचा दिवस आपल्याच मालकीचा असल्यासारखं बोलणं त्याला खटकतं. आपण 'प्रभूची इच्छा असल्यास' असं पत्रिकेवर छापतो, आणि हॉल मिळाला नाही की आठवडाभर घरात आदळआपट!

लग्नाचंच घ्या. आकडा ठरवण्याआधी प्रार्थना करा, मग वहीत तीन रकाने आखा: हातात असलेलं, कुणाकडे तरी मागायचं असलेलं, आणि कुणाच्याच हातात नसलेलं. घोटाळा होतो तो दुसऱ्या रकान्यात. "मामा देतील" हे मामांना न विचारताच जमेला धरलं जातं. आधी विचारा, नकार आला तर खोडा. बजेट तीन लाखांचं असेल, तर तीस हजार मोकळे ठेवा, त्यांना आधीच नाव देऊ नका. दशमांश, म्हणजे देवासाठी काढायचा दहावा भाग, उरलंसुरलं पाहून नको. पौलानं करिंथकरांना दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी वर्गणी बाजूला काढायला सांगितली, ती स्वतः तिथे आल्यावर धावपळ नको म्हणूनच.

अडलं की डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते वचन उत्तर मानायचं, हेही टाळा. पाळकांशी किंवा घरातल्या जाणत्या माणसाशी वही उघडी ठेवून बोला. ठरलेल्या दिवसापर्यंत पहिले दोन रकाने भरले नाहीत, तर कर्ज काढू नका. पाहुण्यांची यादी कमी करा, नाहीतर तारीख पुढे न्या.