कुटुंबाचा कैवार आणि आईचा व्हिसा

नमस्कार मंडळी,

मेळाव्यात राजकारण नको, असं समितीनं बजावलंय. पण ब्रिटनमध्ये राहून आईवडिलांच्या व्हिसाबद्दल बोलायचं, तर ते टाळायचं कसं?

आपल्यातले बरेच जण हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला मत देतात, त्याचं मला नवल वाटत नाही. ऋण काढून सण करू नये, पोरांनी शिकावं, घर स्वतःचं असावं, म्हाताऱ्यांना सरकारनं नव्हे तर घरच्यांनी सांभाळावं, हे सगळं आपण येतानाच बरोबर आणलं होतं. 1987 साली त्याच पक्षाच्या पंतप्रधान थॅचरबाई म्हणाल्या की समाज असं काही नसतंच; असतात ती माणसं आणि कुटुंबं. टीका खूप झाली, पण आपल्याला तो पक्ष परका वाटला नाही.

त्याच पक्षाच्या नेतृत्वाखालच्या आघाडी सरकारनं जुलै 2012 मध्ये नियम बदलले. त्याआधी मुलांच्या पैशांवर अवलंबून असलेले, पासष्टी गाठलेले आईवडील येऊ शकत. आता आईला अंघोळ-कपड्यांसाठीही कायम दुसऱ्याची मदत लागते, आणि ती भारतात मिळत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावं लागतं. वर मुलानं हमी द्यायची की तिचा खर्च मीच करीन. म्हणजे तिला इथे सांभाळण्याइतकी ऐपत हवी. पण तेवढी असली तर पुण्यात बाई ठेवता येतेच, मग व्हिसा कशाला? इमानेइतबारे पैसे पाठवणाऱ्याचीच केस कच्ची!

मी याला ढोंग म्हणणार नाही. करदात्याचा पैसा जपावा, एनएचएसवर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर, भार पडू नये, हीसुद्धा त्या पक्षाची खरीच मूल्यं आहेत. 'आम्ही रीतसर आलो, इतरांनीही यावं' असं आपणही ऐटीत सांगतो. दोन मूल्यं भिडली आणि कुटुंबानं हार खाल्ली, तीही बाहेरून आलेल्यांच्याच. जोडीदाराला आणण्यासाठीची उत्पन्नाची अट तेव्हा 18,600 पौंड होती, एप्रिल 2024 मध्ये ती 29,000 झाली. कामासाठी येणाऱ्यांसाठीच्या नव्या गुणाधारित नियमांखाली स्वतःच्याच आईवडिलांना कदाचित प्रवेश मिळाला नसता, हे गृहमंत्री प्रीती पटेल यांनी 2020 मध्ये कबूल केलं. ते नियम मात्र मागे घेतले नाहीत.

म्हणून आपल्या आया सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येतात, नातवंडांत रमतात आणि परत जातात.

मी प्रचार करतोय असं कुणाला वाटत असेल, तर एवढंच सांगतो: जुलै 2024 मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला, आणि 29,000 ची अट त्यानंही लगेच उठवली नाही.