काटा हलतो, पण कशानं?

(दृश्य: ठाण्याचा मासुंदा तलाव, जानेवारीतली सकाळ. फेरी मारणारी गर्दी, नवे कोरे बूट.)

नव्या वर्षाचा दुसरा आठवडा. तलावपाळीला भरभर चालायचं म्हटलं तर समोरच्याला वळसा घालूनच जावं लागतं. होळीपर्यंत यातले बरेच चेहरे दिसेनासे होतात. मंडळी आळशी आहेत म्हणून मोकळं होणं सोपं आहे. खरं तर वजन उतरवायला निघालेल्या यातल्या पुष्कळांना वजनकाट्यानं चकवलेलं असतं.

एक नमुना धरू. पुरुष, वय ४०, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ८६ किलो. ठाण्याहून रोज लोकलनं फोर्टात, तिथं दिवसभर खुर्चीत. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, ३१ च्या वर. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पण घरच्या घरी शिंप्याची टेप जास्त कामाची. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढे गेली, की पोटातली चरबी वाढली आहे असं समजायचं. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून धरायची. पट्ट्याच्या जागी नाही. पोट सुटतं तसा पट्टा खाली सरकतो, आणि पँटचा नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो!

(दृश्य: स्वयंपाकघरातल्या फरशीवर ठेवलेला वजनकाटा.)

पहिल्या आठवड्यात भात बंद, साखर बंद, पोळ्या निम्म्या. काटा अडीच किलोंनी उतरतो. घरात आनंदीआनंद. हे बहुतांश पाणी असतं. यकृत आणि स्नायू मिळून ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराची राखीव साखर, साठवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. भात-पोळी-साखरेतलं पिष्ट कमी झालं की साठा रिकामा होतो, पाणीही जातं. मग एका लग्नात पंगतीला बसून येतात, पापड-लोणच्याचं मीठ पोटात जातं आणि दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर. 'सगळं पाण्यात गेलं' म्हणतात तेव्हा खरं तर सगळं पाणीच परत आलेलं असतं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. एका संध्याकाळी ती चढवायची तर पंचवीसेक वडापाव खावे लागतील, तेही रोजचं जेवण झाल्यावर.

रोज ४५० कॅलरी कमी गेल्या, तर किलोभर चरबी उतरायला सतरा दिवस लागतात. हाच खरा वेग. या ४५० कुठून काढायच्या? अर्धा तास झपझप चालून दीडशेच्या आसपास जातात. बाकीचं काम ओट्यापाशी.

तेलापासून सुरुवात करा. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर पुरेसं आहे. पाच लिटरचा डबा महिन्यात रिकामा होत असेल, तर वरचं दोन लिटर माणशी रोज सुमारे १४० कॅलरी घालतं, आणि ते ताटात वेगळं दिसतही नाही. कढईत बाटलीनं ओतू नका, चमच्यानं घाला. पाच मिलिलिटरच्या चमच्याला चाळीसेक कॅलरी. चहा चार कप, प्रत्येकी दोन लहान चमचे साखर, म्हणजे आणखी १६०. उपवासाबद्दल आपल्याकडे आधीच सांगून ठेवलंय: एकादशी अन् दुप्पट खाशी. शंभर ग्रॅम कोरडा साबुदाणा, तीस ग्रॅम दाण्याचं कूट, दोन चमचे तूप घातलं की खिचडीची ती बशी सहाशेच्या वर जाते, आणि प्रोटीन जे काही येतं ते कुटातून.

प्रोटीनची गोष्ट जरा थांबून पाहायला हवी, कारण मराठी ताटाचं कमी पडतं ते इथेच. वजन उतरवताना आपल्या नमुन्याला दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम हवं. वरण तर आहेच की, असं वाटतं. पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते वीस-पंचवीस ग्रॅम, प्रोटीन पाच-सहा. तीस ग्रॅम कणकेच्या पोळीत तीन-साडेतीन. चार पोळ्या, दोन वाट्या वरण, वाटीभर दही धरलं तरी तिशीच्याच आत-बाहेर. दोन अंडी बाराची भर घालतात, पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स पंचवीसेक ग्रॅमची. मासे खाणाऱ्यांनी तळणी सोडून कालवण करावं. शाकाहारी घरात वरण घट्ट करणं आणि मोड आलेल्या मुगाची उसळ वाटीभर वाढवणं, एवढ्यानंही फरक पडतो.

(दृश्य: ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराचा चढ. उतरणाऱ्यांचे पाय.)

एप्रिल उजाडतो. वजन ७९ आणि काटा तीन आठवडे जागचा हलत नाही. सात किलो हलक्या शरीराला रोज शंभर-सव्वाशे कॅलरी कमी लागतात. शिवाय नकळत हालचाल मंदावते. पुलाच्या जिन्याऐवजी सरकता जिना, गाडीत जागा दिसली की बैठक. चमच्याचं मापही सैल झालेलं असतं. इथे लोक ९०० कॅलरींवर उडी मारतात आणि घात होतो. स्नायू झिजतात, पित्ताशयात खडे व्हायचा धोका वाढतो, दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात आणि दोष जातो शॅम्पूला. त्यापेक्षा आठवडाभर सगळं पुन्हा मोजून पाहा. गळती बहुधा सापडते.

दुसरा उपाय ताकदीचा व्यायाम, आठवड्यातून दोनदा. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, दहाचे तीन फेरे. भिंतीला हात लावून जोर, तेवढेच. पिशवीत पाच किलोचं पिठाचं पाकीट घालून, कमरेत वाकून, पाठ सरळ ठेवत कोपर मागे खेचायचं. फेरा सहज जमू लागला की वजन वाढवायचं. पहिले दोन-तीन आठवडे दुखरे स्नायू पाणी धरतात, काटा पाऊण किलो वरही जातो. टेप मात्र खाली येत असते.

येऊर चढण्याची घाई नको. चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना, कारण प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ब्रेक लावत असतात. आधी सपाटीवर सहा-आठ आठवडे चाला. उपवन तलावाची कड बरी. पावसाळ्यात शेवाळलेल्या वाटेपेक्षा इमारतीचा जिना चांगला. उतरताना लिफ्ट घेतली तर कुणी हसू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. डोस तोच राहिला तर साखर एकदम उतरून घेरी येते.

काट्यावर उभं राहायची रीत एकच. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी, काटा फरशीवर. पायपुसण्यावर ठेवला की आकडा चुकतो. रोजचा आकडा लिहा, पण तुलना सात दिवसांच्या सरासरीची करा. बायकांनी या महिन्यातल्या पाळीच्या दिवसांची सांगड गेल्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी घालावी. पाळीआधी किलोभर पाणी सहज साठतं.

(दृश्य: मासुंदा, विसर्जनानंतरची सकाळ.)

मग गणपती. मोदक, पुरणपोळी, शेजाऱ्यांच्या आरतीचा प्रसाद, रात्रीची जागरणं. झोप कमी झाली की भूक चाळवते. दहा दिवसांनी काटा पावणेदोन किलो वर. हा आकडा वहीत लिहा आणि लगेच उपाशी राहायला सुरुवात करू नका. नेहमीचं जेवण, नेहमीचं चालणं आठ दिवस चालू ठेवा. साधारण किलोभर आपोआप उतरतं. अर्धा-पाऊण किलो मागे राहिलं, तर ते मोदकांचं. रोज साडेचारशे कॅलरींच्या हिशेबानं नऊ ते तेरा दिवसांचं काम.