डेव्हिड स्मिथ आणि शिल्पावरचा रंग

मंडळी, अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथचा हात धातूवर बसला तो कलाशाळेत नव्हे, मोटारीच्या कारखान्यात. जन्म १९०६चा, इंडियाना राज्यातल्या डिकेटर गावचा. १९२५च्या उन्हाळ्यात तो साउथ बेंडला स्टुडबेकर कंपनीत कामाला लागला. पुढे न्यूयॉर्कला गेला तो चित्रकला शिकायला. तिथे एका फ्रेंच नियतकालिकात त्याने पिकासो आणि स्पॅनिश शिल्पकार गोन्झालेझ यांच्या लोखंडी शिल्पांची छायाचित्रं पाहिली. वेल्डिंगने कलाकृती होते तर! मग १९३४मध्ये ब्रुकलिनच्या धक्क्यावर ‘टर्मिनल आयर्न वर्क्स’ या वर्कशॉपात त्याने जागा मिळवली. १९४०मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बोल्टन लँडिंगच्या आपल्या शेतावर कायमचा राहायला गेला, तेव्हा तिथल्या कार्यशाळेलाही त्याने हेच नाव दिलं. महायुद्धात स्केनेक्टडीच्या कारखान्यात त्याने रेल्वे इंजिनं आणि रणगाडे वेल्ड केले. त्याची पहिली पत्नी डोरोथी डेनर हीसुद्धा मोठी शिल्पकार, पण तिच्यावर वेगळं व्याख्यानच हवं.

१९६२चा प्रसंग मात्र सांगतोच. इटलीतल्या स्पोलेतोच्या महोत्सवासाठी त्याच्याकडून एक-दोन शिल्पं हवी होती. त्याला जेनोआजवळ व्होल्त्री इथला एक बंद पडलेला पोलाद कारखाना आणि हाताखाली कामगार मिळाले. पडून राहिलेल्या सांडश्या, चाकं, पत्र्यांचे कातरलेले तुकडे पाहून गडी असा काही पेटला की महिन्याभरात २७ शिल्पं उभी! ती स्पोलेतोच्या प्राचीन रोमन नाट्यगृहात मांडली गेली. उरलेलं भंगार आणि हत्यारं जहाजाने घरी मागवून त्यातून आणखी एक मालिका केली.

त्याच सुमारास ‘क्युबी’ मालिका चालू होती. दारूच्या बाटल्यांची रिकामी पुठ्ठ्याची खोकी एकमेकांना चिकटवून तो रचना जुळवून पाहायचा, मग तीच स्टेनलेस स्टीलमध्ये. तयार शिल्पाच्या पत्र्यावर ग्राइंडरचे वेडेवाकडे फटकारे, अगदी ब्रशने मारावेत तसे. ढगाळ दिवशी पत्रा मंद निळा दिसतो, उतरत्या उन्हात सोनेरी. ते त्याला हवंच होतं, म्हणून ही शिल्पं त्याने शेतात उघड्यावर ठेवली.

पृष्ठभागाबद्दल तो किती हट्टी होता पाहा. एका मालकाने त्याच्या ‘१७ एच’ या शिल्पावरचा लाल रंग खरवडून काढला, तेव्हा १९६०मध्ये त्याने जाहीर पत्र लिहून हा विध्वंस असल्याचं म्हटलं आणि ते शिल्प आपलं मानायलाच नकार दिला.

मे १९६५मध्ये व्हरमाँटमधल्या बेनिंग्टनजवळ ट्रकच्या अपघातात तो गेला, वयाच्या ५९व्या वर्षी. मागे राहिलेल्या शिल्पांच्या व्यवस्थापकांत समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्ग होते. स्मिथचा रंग त्यांना कधी फारसा रुचला नव्हता. त्यांच्या संमतीने काही शिल्पांवरचा पांढरा रंग काढून टाकला गेला, काही रंगीत शिल्पं ऊन-पावसात खराब होऊ दिली गेली. १९७४मध्ये कलासमीक्षक रोझलिंड क्रॉस यांनी लेख लिहून हा प्रकार चव्हाट्यावर आणला.

ग्रीनबर्गांच्या बाजूने असं म्हणतात की तो पांढरा थर नुसतं अस्तर, म्हणजे रंगाआधीचा प्रायमर होता. असेलही. पण अस्तरावर चढायचा तो दुसरा रंग. शिल्पकार मेल्यावर अस्तरच खरवडून टाका, असं कोणता कारागीर सांगेल?